हरिबानं सांगितलेला पिक्चर

पिठाची गिरणी चालवणाऱ्याला गावाची सगळी मतं ऐकावी लागतात. दळण होईपर्यंत माणसं दुसरं करणार काय? बोलतात. तीस वर्षं मी पट्ट्याच्या खडखडाटात ही मतं ऐकत आलोय आणि आता माझं डोकं उठलंय. हरिबाची गोष्ट गावात कुणालाही विचारा, प्रत्येक जण ती स्वतःला सांभाळून सांगेल. मी तशी सांगणार नाही. निदान तसा प्रयत्न करतो.

हरिबा आमच्याच आळीचा. बाप ऊसतोड्या, आजा ऊसतोड्या. दिवाळी झाली की दाराला कडी घालायची, बिऱ्हाड गाडीत टाकायचं आणि पाडव्यानंतर परत यायचं. हरिबा पाचटाच्या कोपीतच जन्मला; कुठल्या कारखान्याच्या फडात ते त्याच्या आईला धड सांगता यायचं नाही. अठरा वर्षांचा झाला, लग्न झालं, आणि मुकादमानं कोयता पुढे केला तेव्हा हा सरळ नाही म्हणाला. बापानं मारलं तरी नाहीच. दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर चालत चौसाळ्याला गेला आणि हायवेवरच्या बेबीच्या टायरच्या दुकानात कामाला लागला.

बेबी म्हणजे बाई नव्हे. केरळचा सहा फुटी गडी, मिशा अशा की लिंबू ठेवावं. आमच्याकडे बेबी नावाच्या चार-पाच बायका, त्यामुळे ट्रकवाले सुरुवातीला मुद्दाम लांबून हाक मारायचे. हा शांतपणे ओ द्यायचा आणि पाना हातात घेऊन बाहेर यायचा. मग हाक मारणारा हसायचा थांबायचा.

हरिबा त्याच्याकडे अकरा वर्षं राहिला. आधी शिव्या शिकला, मग हत्यारांची नावं, मग बेबी फोनवर भावाशी भांडायचा ते सगळं त्याला कळायला लागलं. दुपारी ट्रक नसले की बेबी मागच्या खोलीत आपल्याकडचे पिक्चर लावायचा, आणि हरिबा ट्यूबला ठिगळ लावता लावता ते बघायचा. चौथी नापास माणूस, पण ती भाषा त्याला अशी यायची की बेबीची बायको गावाकडून आली तेव्हा दाराआड थांबून ऐकत राहिली, कुणी नातेवाईक आलाय असं वाटून.

मग एक दिवस ट्रकच्या चाकात हवा भरताना रिंग उडाली. हरिबाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बेबीनं त्याला बीडला नेलं, दवाखाना केला, वर्षभर बसवून सांभाळलं. पण ज्याला पहार आवळून धरता येत नाही तो टायरच्या दुकानात काय करणार? आणि कोयता तर आता इच्छा असली तरी धरता आला नसता.

तेव्हा त्याला सुंदररावांनी बोलावलं. सुंदरराव म्हणजे आमच्या पाणी सोसायटीचे चेअरमन, चाळीस एकरांचे धनी. पाझर तलावाखाली सोसायटीची विहीर आहे. ती गावानं खांदलेली आहे, माझ्याही हाताला तिथं फोड आले होते. विहिरीवरून पाइपलाइन गावच्या टाकीला येते आणि वाटेत तिला एक फाटा आहे, तो सुंदररावांच्या मळ्याला जातो. फाटा कधी पडला, कुणाच्या ठरावानं पडला, ते कुणी विचारलं नाही. पाणी सोडायला माणूस हवा होता. व्हॉल्वची चावी म्हणजे हातभर लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. ती तीन बोटांनीही फिरते. सुंदररावांनी ती हरिबाच्या हातात दिली आणि हरिबानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. दुसरं कोण त्याला काम देणार होतं? मी दिलं होतं का?

ही सगळी दोन हजार तीन सालची गोष्ट. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. तलावात भेगा पडल्या होत्या, विहिरीत दिवसाला हातभर पाणी जमायचं. दुपारी साडेबाराला सरकारी टँकर चौकात यायचा आणि गावातल्या झाडून सगळ्या बाया घागर घेऊन तिकडे पळायच्या. हरिबाची बायको गीताबाईसुद्धा. पाणी सोडणाऱ्याची बायको म्हणून तिला एक तांब्याही जास्त मिळाला नाही.

आणि सुंदररावांचा पाच एकर ऊस हिरवागार होता.

बोअर लागलीय, असं सांगायचे. मी त्या बोअरचं सांगतो. तमिळनाडूची गाडी आली, सहाशे फूट खाली गेली आणि नुसता पांढरा फुफाटा उडाला. माझ्या गिरणीच्या पत्र्यावर तो बोटभर बसला होता, मी स्वतः झाडला. दुसऱ्या दिवशी तिथंच पूजा झाली, नारळ फुटला, चेअरमनसाहेबांच्या बोअरला तीन इंची पाणी लागलं म्हणून सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

तर सोसायटीची निवडणूक महिन्यावर आली होती. सुंदररावांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आणि सीडीचं मशीन आणून ठेवलं आणि रविवारी दुपारी सगळ्या सभासदांना बायकापोरांसकट फुकट पिक्चर जाहीर केला. पाण्याचं विचारायला कुणी येऊ नये म्हणून पिक्चर. आम्ही गेलो. हॉल भरून माणसं ओट्यावर बसली. हिंदी मारामारीचा पिक्चर लावला तर दहाव्या मिनिटाला सीडी अडकली. हिरोची मूठ हवेत वर गेली ती खाली येईना. पुसली, फुंकली, कुणी टॉवेलनं घासली, तरी मूठ तिथंच. लोक कुजबुजायला लागले. आता कुणीतरी पाण्याचं काढणार हे सुंदररावांना दिसलं, आणि त्यांनी धुळाजीला मोटारसायकलवर चौसाळ्याला पिटाळलं. धुळाजी म्हणजे त्यांचा उजवा हात. पानपट्टीपासून पंचायतीपर्यंतची सगळी कामं त्याच्याकडे.

रविवार असल्यानं सीडीचं दुकान बंद होतं. धुळाजी गेला बेबीकडे. परत आला तो एक सीडी घेऊन, वर कागद नाही की चित्र नाही.

"फायटिंग हाय का त्यात?" सुंदररावांनी विचारलं.

"लई हाय म्हनं. जुना पिक्चर हाय, तिकडं आख्ख्या मुलखाला पाठ हाय म्हनतो बेबी. पर बोली त्याची हाय."

"मग आपला हरिबा कशाला हाय? ये बे हरिबा, हुबा राह्य इथं. सांग लोकायला."

हरिबा टीव्हीच्या बाजूला उभा राहिला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा खूश पाहिला. माणसाला येत असलेली गोष्ट कुणीतरी विचारावी, एवढंच त्याला हवं होतं.

पिक्चर सुरू झाला आणि हॉल गप्प झाला, कारण पडद्यावर नुसतं पाणी. इकडं पाणी, तिकडं पाणी, घराच्या पायरीला पाणी, माणसं होडीतून दुकानाला जातात. वरून पाऊस. मागून भिवराबाई ओरडली, "आवं, ह्यायला भांडायला झालंय काय? सगळं तर हाय!" हरिबानं समजावलं, की ते पाणी खारं आहे. शेतं खाली, पाणी वर. बांधाला एक मोठा दरवाजा आहे, त्याचं चाक फिरवलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि भात मरतो. लोकांना हे पटायला वेळ लागला. पाण्यानं पीक मरतं हे आमच्याकडे कुणाला सांगणार?

मग एक माणूस आला. पांढरी शुभ्र लुंगी, खांद्यावर जरीचं उपरणं, कपाळाला गंध, चालणं सावकाश. वाटेत लोक त्याला हात जोडत होते. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरो आला! सुंदररावांनीही वाजवल्या. त्याच्यामागून दुसरा एक आला, काळा, पोट जरा सुटलेलं, अंगात बंडी, आणि त्यानं त्या पांढऱ्यासमोर लुंगी गुडघ्यावर दुमडून खोचली. सगळा हॉल हसला. हा गुंड, हे पोराटोरांनीही ठरवून टाकलं.

हरिबा सांगत होता. काळा माणूस धक्क्यावरचा हमाल आहे, गावात परत आलाय. पांढरा माणूस सोसायटीचा अध्यक्ष आहे, काथ्याची सोसायटी. त्यांच्याकडे मोठ्या माणसापुढे लुंगी खाली सोडायची असते, दुमडली म्हणजे मी तुला मानत नाही. पण ऐकतो कोण? पांढरा आला की टाळ्या. अर्धा तास हे चाललं. आमच्या गावानं जन्मभर पांढऱ्या कपड्याला हात जोडलेत, पडद्यावर काय वेगळं करणार होतं?

अर्ध्या तासानं पांढऱ्यानं बांधाचा दरवाजा उघडायला लावला आणि हमालाच्या लोकांच्या भातात खारं पाणी शिरलं. बायका छाती बडवत पळाल्या. हॉलमध्ये गोंधळ उडाला. "आरं, ह्यो तर चांगला व्हता!" शहादेव उभाच राहिला. "हरिबा, नीट सांग बे. त्यो कावून करील असं?"

"त्यो पयल्यापासून तसाच हाय," हरिबा म्हणाला. "तुमी टाळ्या वाजवीत व्हता, मी काय करू?"

पुढे पिक्चरमध्ये सोसायटीची सभा होती. पांढरा अध्यक्ष खुर्चीवरून उठला, हात जोडले आणि गोड आवाजात बोलला. हरिबानं एकेक शब्द सांगितला, "सोसायटी तुमची हाय. पाणी तुमचं हाय. मी निसता किल्ली सांभाळनारा."

सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून सुंदरराव हेच बोलले होते. अगदी हेच. हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं, मग दोघं, मग चाळीस. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुंदररावांचा चेहरा तसाच होता, पण मशीनजवळ बसलेला धुळाजी हरिबाकडे असा बघत होता की त्यानं आता गप्प व्हावं.

हरिबा गप्प झाला नाही. फक्त एका ठिकाणी झाला. हमालाची म्हातारी आई त्या दरवाज्याच्या राखणदाराकडे जाते. तो बिचारा गरीबच, पांढऱ्याच्या सांगण्यावरून चाक फिरवणारा. म्हातारी त्याच्यासमोर उभी राहून बराच वेळ बोलली. हरिबा काही बोलेना.

"काय म्हनली ती?" पुढे बसलेल्या गीताबाईनं विचारलं.

"रडती हाय," हरिबा म्हणाला.

ती रडत नव्हती. डोळे कोरडे होते तिचे, मला दिसत होतं. पण लगेच मारामारी सुरू झाली आणि मारामारीला भाषा लागत नाही. हमालानं लुंगी दुमडली तेव्हा या वेळी हॉल हसला नाही, ओरडला. पांढऱ्याचं उपरणं चिखलात पडलं तेव्हा माणसं बाकावर चढली. मीही चढलो. सुंदरराव केव्हा उठून गेले ते कुणी पाहिलं नाही.

सोमवारी माझ्या गिरणीत जी मतं ऐकली ती लिहून काढली असती तर पोथी झाली असती. एकाचं म्हणणं, हिरोला पोट होतं ते फार बरं, आपल्यातला वाटला. दुसरा म्हणे गाणी कमी. तिसऱ्याला शेवटची मारामारी आखूड वाटली. भिवराबाईचं वेगळंच, "ती हिरोची बायको एक पातळ धुवायला आख्खी नदी घेऊन बसली व्हती. तिला म्हनावं, त्यातली एक घागर इकडं लाव." यावर सगळे हसले, पण ती हसली नाही.

आणि सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर, की सभेतलं ते बोलणं हरिबानं आपल्या पदरचं घातलं. वीस वर्षांपूर्वीच्या, हजार मैलांवरच्या पिक्चरमध्ये आमच्या चेअरमनचं भाषण कुठून येणार? "वाघ हाय हरिबा," शहादेव म्हणाला. "भर सभेत, त्याच्याच हालमध्ये, त्याच्याच तोंडावर मारलं. आमाला न्हाई जमलं ते त्यानं केलं."

तेवढ्यात हरिबाच दळण घेऊन आला. दोघा-तिघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एकानं तर त्याला रांगेत पुढे घातलं. हरिबाचं तोंड लाल झालं.

"मी काय बी घातलं न्हाई. पिक्चरच तसा हाय."

"हौ हौ, तसाच हाय," शहादेवनं डोळा मारला.

"आरं, शप्पथ घेतो! मी कावून घालू? तुमाला बोलायचं तर तुमी बोला की बे! तोंड न्हाई का तुमाला? माझ्या तोंडानं कावून बोलता?"

ते पुन्हा हसले. वाघ चिडला म्हणाले. हरिबा दळण तसंच टाकून गेला. मी ते दळून त्याच्या घरी पोचवलं. एवढं केलं मी. त्याचं मला आज हसू येतं.

मंगळवारी धुळाजी हरिबाच्या दारात. गुरुवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे, तिथं उठून सांगायचं, की मी पिक्चर उलटा सांगितला. पांढरा माणूस चांगला होता, काळा गुंड होता, मीच मनानं फिरवलं, चेअरमनसाहेबांची माफी मागतो. सांगितलं तर व्हॉल्वची चावी राहील. नाही सांगितलं तर चावी ठेवायची आणि कोयता उचलायचा.

"आन् साहेब खोटं थोडंच सांगाया लावत्यात?" धुळाजी म्हणाला. "आख्ख्या गावानं त्या पांढऱ्याला टाळ्या वाजवल्या. म्हंजी त्यो चांगलाच व्हता. तू बोलाया लागल्यावर वंगाळ झाला."

या बोलण्याला उत्तर आहे का?

बुधवारी संध्याकाळी हरिबा माझ्याकडे आला. बसला नाही. म्हणाला, "आप्पा, तुमी जुने सभासद. उद्या उठून एवढंच म्हना, की बेबीला बोलवा, त्यो सांगल पिक्चरमंदी काय हाय ते. मी त्याला गाठून आलो. त्यो यील म्हनलाय. बाकी काय बोलू नका. माझं काम गेलं तर मी तीन बोटांनी काय करनार हाय, तुमी बघता."

"बोलतो की," मी म्हणालो. "त्यात काय."

गुरुवारी बेबी खरंच आला. दुकान बंद करून, धुतलेला शर्ट घालून आला आणि हॉलच्या दाराशी उभा राहिला. धुळाजीनं त्याला आत घेतलं नाही. सभासद नाही म्हणाला. बायका नेहमीप्रमाणे बाहेर खिडकीशी. आत आम्ही दोनशे पुरुष, आणि समोर खुर्चीवर सुंदरराव, पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी तरी त्यांनी दुसरं काही घालायला हवं होतं. पण त्यांना माहीत होतं, कुणी काही म्हणणार नाही.

फार गोड बोलले. हरिबा आपला माणूस, हाताचा अधू, मी त्याला काम दिलं, त्याच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. गंमत म्हणून बोलला असेल. एकदा सांगून टाक बाळा, म्हणजे विषय संपला.

हरिबा उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला उठायचं होतं. "बेबीला बोलवा," दोन शब्द. मी माझ्या चपलेकडे बघत राहिलो. माझ्या उजव्या चपलेचा अंगठा उसवला होता, तो मी नीट पाहिला. हरिबानं माझ्यावरची नजर काढली.

"मी घातलं काय बी न्हाई," तो म्हणाला. "पर एक गाळलं."

सुंदरराव पुढे झुकले. त्यांना वाटलं, आला वळणावर.

"ती म्हातारी त्या राखणदाराला बोलली, ते मी सांगितलं न्हाई. रडती हाय म्हनलो. ती रडत नव्हती. ती म्हनली, त्याच्या हाताला कदी चिखल लागला न्हाई. चाक तुज्या हातानं फिरलं. त्यो एकटा काय करनार व्हता रे, तू न्हाई म्हनला असतास तर?" हरिबानं खिडकीकडे पाहिलं. "मी गाळलं, कारन माझी बायको म्होरं बसली व्हती. मळ्याचं चाक मी फिरवतो. चौकात टँकर येतो, तुमच्या बाया पळत्यात, माझी बायकू पळती, तवा मी हिकडं मळ्याचा व्हॉल्व सोडतो. रोज दीड तास. मागल्या चैतापासून. बोअर कोरडी हाय. आन् तुमाला ठावं हाय. सगळ्यायला ठावं हाय."

हरिबा एवढ्यावर थांबला असता, फक्त चेअरमनचं नाव घेतलं असतं, तर कदाचित काही घडलंही असतं. पण तो म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे. ते त्याला कुणी माफ करणार नव्हतं.

पहिला उठला शहादेव. सोमवारचा वाघ म्हणणारा शहादेव. "आमची लेकरं पान्यावाचून तडफडत्यात आन् तू चोरून सोडतूस व्हय रं भाडखाऊ?" आणि हरिबाच्या कानफटात मारली. मग दुसरा उठला, तिसरा उठला. दोन वर्षांचा सगळा राग हॉलमध्ये मोकळा झाला. घागरीवरून झालेली भांडणं, वाळलेल्या मोसंब्या, छावणीत सोडलेली जनावरं, सगळ्याचा. आणि तो सगळा त्या तीन बोटांच्या माणसावर पडला. खुर्ची चार पावलांवर होती. तिकडे कुणी वळून पाहिलं नाही. दारातून बेबी ओरडत आत घुसला, त्यानं हरिबावर आडवं होऊन चार रट्टे खाल्ले. मल्याळीत काय ओरडत होता ते सांगायला आता कुणी नव्हतं.

सुंदररावांनी हात वर करून लोकांना थांबवलं. "मारू नका. आपन कायद्यानं जाऊ." आणि तिथल्या तिथं ठराव मांडला: संस्थेचं पाणी परस्पर वळवल्याबद्दल हरिबाला कामावरून काढून टाकण्यात यावं. पाणी वळवलं कुठं, हे ठरावात नव्हतं. कुणाला विचारावंसं वाटलं नाही. संमत असेल त्यांनी हात वर करा, म्हणाले.

हात वर झाले. माझाही झाला. मी असं म्हणत नाही, की मला कळलं नाही किंवा आपोआप झाला. कळत होतं. शेजारच्याचा झाला, पुढच्याचा झाला, धुळाजी रांगेरांगेतून बघत येत होता, आणि मी केला.

सुंदरराव बिनविरोध निवडून आले. हरिबा बेबीकडे परत गेला. ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधायचं काम तीन बोटांनी होतं. तो दुकानातच राहतो, गावात येत नाही. व्हॉल्वची चावी माझा पुतण्या सटवा याला मिळाली. मी मागितली नव्हती. धुळाजी स्वतः घरी आला, आप्पा तुम्ही आपले, म्हणाला. मी नाही म्हणालो नाही. मळ्यातला ऊस त्या वर्षी चांगला पडला.

सभेनंतर आठ दिवसांनी गीताबाई गिरणीवर आली. रोजगार हमीच्या कामावर मिळालेला गहू होता, पाच-सहा किलो. गिरणीत दुसरं कोणी नव्हतं. मी पुढे होऊन डबा घ्यायला हात केला, तर तिनं डबा सोडला नाही.

"आप्पा, तुमचा हात वर व्हता. मी खिडकीतून पाह्यला."

"सगळ्यांचाच होता, गीता," मी म्हणालो.

"सगळ्यायचं मला ठावं न्हाई. गर्दी व्हती. मी तुमचाच बघत व्हते. ह्यायनी घरी सांगितलं व्हतं, आप्पा उठनार हायत म्हनून."

मी काहीतरी बोलायला लागलो. दुष्काळाचं बोललो असेन, नाहीतर माझ्या वयाचं. ती ऐकायला थांबली नाही. डबा डोक्यावर घेतला आणि चौसाळ्याच्या रस्त्याला लागली, पाच किलोमीटर, उन्हात, दळायला. अजून तिकडेच जाते.